तीनदा बघणारी

घाबरायला ताईला कारण लागत नसे. घरातून निघताना कुलूप ती तीनदा ओढून बघे, गॅसचं बटण तीनदा, आणि जिना उतरून खाली आल्यावर पुन्हा वर जाऊन एकदा कुलूप. देवालाही ती तीनदा हात जोडायची. आधीचे दोन नमस्कार पोचले नसले तर एक तरी पोचेल म्हणून. धाकट्या भावाने तिचं नावच 'तीनदा' ठेवलं होतं. ती त्याला माकड म्हणायची, कारण तो होताच. उंच इमारतींच्या काचा बाहेरून, दोरावर लटकून पुसायच्या हा त्याचा धंदा, आणि गच्चीवर उभं राहून त्याचा दोर सांभाळायचा हा तिचा.

एवढ्या भित्र्या बाईला या कामावर घेतलं कोणी, असं लोक विचारत. भावानेच घेतलं होतं. ती ज्या कारखान्यात तंबू शिवायची तो बंद पडला, आणि त्याच सुमाराला भावाचा जोडीदार काम सोडून गेला. भाऊ म्हणाला, "जी बाई गॅस तीनदा बघते, ती माझी गाठ किती वेळा बघेल! मला तूच पाहिजेस." या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत त्याला साधं खरचटलं नव्हतं आणि हिला एक दिवस सुखाचा घास गेला नव्हता.

कामाची पद्धत ठरलेली होती. गच्चीवरच्या लोखंडी खांबाला दोन दोर बांधायचे. एकावर माणूस बसतो. दुसरा नुसता सोबत उतरतो, पहिल्याने दगा दिला तर धरायला. तिसरा दोर खांबाला बांधून, वेटोळं करून कोपऱ्यात तयार ठेवायचा. तो सुटकेचा, आणि तो कधी वापरावा लागू नये म्हणून ताई रोज त्याच्याकडे बघून मनातल्या मनात विनवणी करायची. गाठ भाऊ बांधायचा, बघायची ताई. मग तो रस्त्याकडे पाठ करून कठड्यावर उभा राहायचा आणि विचारायचा, "बघतेस?"

ती खांब बघायची, गाठ बघायची, कडी बघायची. तीनदा. मग म्हणायची, "बघतेय."

ते ऐकल्याशिवाय पाय सोडायचा नाही हा नियम. ऐकलं की हा गडी शिट्टी वाजवत मागच्या मागे असा जायचा, जसा काही आरामखुर्चीत टेकतोय. एकदाही त्याने गाठीकडे नजर टाकली नव्हती. ताईला त्याचा रागच यायचा. स्वतःचा जीव असा दुसऱ्याच्या एका शब्दावर टाकून मोकळं व्हायचं म्हणजे काय!

संध्याकाळी दोर गुंडाळताना तो रोज एकच प्रश्न विचारायचा. "बोल तीनदाताई, आज पहिल्यांदा काय केलंस?" रोज एक तरी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा करायची असा त्याचा बाणा होता, आणि त्याच्याकडे सांगायला काही ना काही असायचंच. एकदा त्याने सकाळपासून डाव्या हाताने जेवून दाखवलं होतं, एकदा एका अनोळखी लग्नाच्या वरातीत तासभर नाचून आला होता. ताईची उत्तरं बेताची असत. "आज चहात साखर कमी घातली." "आज दुसऱ्या जिन्याने आले." तो खो खो हसायचा आणि तरीही टाळी द्यायचा.

ताईच्या भीतीचं खरं मूळ मात्र वेगळंच होतं, आणि ते फक्त या दोघांना ठाऊक होतं. गच्चीवर उभं राहणाऱ्याला सुटकेसाठी खाली उतरता आलंच पाहिजे, म्हणून त्याचीही परीक्षा असे. तीन वेळा दोरावरून गच्ची ते जमीन. परीक्षेच्या दिवशी ताई कठड्यापाशी गेली, तिने खाली बघितलं आणि तिची बोबडीच वळली. परीक्षक रस्त्यापलीकडे सावलीत खुर्ची टाकून हेल्मेटं मोजत बसला होता. भाऊ आपल्या निळ्या हेल्मेटात तीनदा उतरला, मग ताईचं लाल हेल्मेट घालून आणखी तीनदा. ताई पाण्याच्या टाकीमागे बसून रडत होती. परीक्षकाने निळे तीन, लाल तीन असं लिहून सही ठोकली. भावाला ती मोठी गंमत वाटली. ताईने तो कागद घरी नेऊन कपड्यांच्या तळाशी ठेवला आणि त्या कप्प्याला परत हात लावला नाही. खाली भावाला काही झालंच, तर वर उभी असलेली ही बाई त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, हे तिला अकरा वर्षं रोज सकाळी आठवायचं.

एके दिवशी कामाला चौदा मजल्यांची इमारत होती. सगळी कचेऱ्यांची, काचा बंद, उघडायची सोयच नाही. सकाळचे दहा वाजले होते. ऊन पडलं होतं, वारा नव्हता, म्हणजे ताईच्या मते संशय घ्यावा असाच दिवस. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या यंत्राची खोली होती आणि तिथे एक लिफ्टवाला तेलाची बुधली घेऊन कुरकुरत काम करत होता. भाऊ दहाव्या मजल्यापर्यंत पोचला होता. मध्येच त्याची शिट्टी थांबली.

वॉकीटॉकी खरखरला. "ताई, गांधीलमाशी चावली गं. मानेला. इथे पत्र्याखाली पोळं आहे."

"वर ये! नाही, खाली जा! खाली जा आधी!"

"जातोय. ओरडू नकोस." मग जरा वेळाने, "ताई, ओठ जड झालेत. गंमतच आहे. असं पहिल्यांदाच…"

पुढे नुसताच श्वास ऐकू आला, दमेकऱ्यासारखा, शिट्टी अडकलेला. ताई कठड्यावर वाकली. वर राहून वाकणं तिला जमायचं, कारण तेव्हा नजर दोरावर असायची. तिने दोराच्या टोकाला बघितलं. भावाचं डोकं एका बाजूला कललं होतं. हात सुटले होते. दोरावरच्या ब्रेकची मूठ सोडली की दोर जागच्या जागी आवळला जातो, त्यामुळे तो पडला नव्हता. तो नुसता लटकला होता, दोरीवर वाळत टाकलेल्या कपड्यासारखा.

"माकडा!" तिने हाक मारली. "ए माकडा!"

लिफ्टवाला धावत आला, त्याने खाली बघितलं आणि बुधली टाकून फोन लावला. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येते म्हणाले. पण ती येणार जमिनीवर. बंबाला, शिडीच्या गाडीला, पुलावरच्या गर्दीतून अर्धा तास.

"ओढू या वर," लिफ्टवाला म्हणाला.

दोघांनी ओढून बघितलं. वीतभरही दोर हलला नाही. ते चौघांचं काम होतं. माणूस असा अंगाला बांधलेल्या पट्ट्यांत निपचित लटकला की रक्त पायांत साचतं आणि पंधरा-वीस मिनिटांपलीकडे काही खरं नसतं, हे परीक्षेच्या वर्गात शिकवलं होतं. वर्गात ताई पहिल्या बाकावर होती. तिला सगळं पाठ होतं. शिवाय घसा सुजत चालला असेल तर पंधरा मिनिटंही कुठली.

"तुम्ही उतरता ना, बाई?" लिफ्टवाल्याने विचारलं. "तुमच्याकडे असतो ना तो कागद?"

"असतो," ती म्हणाली.

पट्टे तिच्या अंगावर रोजच असत, नियमच होता. ब्रेकही कमरेला लटकलेला, अकरा वर्षांत फक्त पुसलेला. कोपऱ्यातला तिसरा दोर तिने उचलला, पण वेटोळं सुटता सुटेना. दोर खाली सोडला. कडी अडकवली. उघडली, परत अडकवली. सोबतीचा दोर नव्हताच. ती एकाच दोरावर जाणार होती. मनात एकच वेडगळ विचार घोळत होता, की सकाळी गॅस बंद केला ना आपण?

"इकडे या," तिने लिफ्टवाल्याला खांबापाशी उभं केलं. "ही गाठ. हा खांब. मी विचारेन, बघता? तुम्ही म्हणायचं, बघतोय. पण खरंच बघून म्हणायचं."

"आणि काय करू?"

"काहीच नाही. फक्त बघायचं. फोन वाजला तरी घ्यायचा नाही, कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. दोर सोडून कुठेही बघायचं नाही."

"बाई, घाबरू नका."

"घाबरू नका काय! तुम्हाला मी ओळखत नाही, तुम्हाला गाठीतलं काही कळत नाही!"

लिफ्टवाला चिडला नाही. त्याने तेलकट हात पँटला पुसले. "बाई, या इमारतीत रोज हजार माणसं माझ्या दोरावर लटकतात. कुणी माझं तोंडही बघितलेलं नाही. बटण दाबतात आणि आत शिरतात." मग त्याने गाठीवर डोळे रोखले आणि ते तिथून हलवले नाहीत.

ताई कठड्यावर चढली. रस्त्याकडे पाठ करून उभं राहायचं असतं. पाठीमागे काहीच नव्हतं. चौदा मजल्यांची हवा होती आणि ती मानेला लागत होती. गाठ आता तिला दिसत नव्हती. लिफ्टवाला मध्ये उभा होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला समजलं की इथून गाठ दिसतच नाही. भाऊ गाठीकडे बघत नव्हता, कारण बघून उपयोगच नव्हता. इथून फक्त वरच्या माणसाचा चेहरा दिसतो.

"बघता?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"बघतोय."

तिने पाय सोडले.

पहिल्या हिसक्याला तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की खालच्या रस्त्यावरची माणसं थांबली. दोराने धरलं. ती डोळे मिटून काचेवर थडकली, गोल फिरली, परत थडकली. मूठ दाबली की खाली, सोडली की थांब. दाबली, सोडली. देवाचं नाव घ्यायचं तर तेही तोंडात येईना, नुसतं "आई गं, आई गं" चाललं होतं. मग तिने डोळे उघडले, कारण मिटून ठेवले तर भाऊ कुठे आहे ते कळणार नव्हतं.

समोर तेराव्या मजल्याची काच होती. आत टेबलाभोवती सात-आठ माणसं बसली होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. त्यातली एक मुलगी उठून काचेपाशी आली. तिने ताईच्या लाल हेल्मेटाकडे बोट दाखवलं आणि मग बाजूच्या काचेच्या कोपऱ्याकडे. तिथे साबणाच्या फेसात बोटाने काढलेलं एक चित्र वाळत होतं, पुसायचं राहून गेलेलं. मोठं हेल्मेट, त्याखाली बशीएवढे दोन डोळे, आणि त्या डोळ्यांतून निघालेल्या तीन रेघा, थेट खालच्या एका छोट्या माकडापर्यंत. बाराव्या मजल्यावर तेच चित्र, तिथे डोळे आणखी मोठे. हा रोज, प्रत्येक मजल्यावर तिचं तोंड काढत होता आणि मग पुसत होता, आणि शहरभरच्या कचेऱ्यांतली माणसं तिला ओळखत होती! वरून तिला फक्त दोर दिसायचा. ताईला त्या भीतीतही हसू फुटलं, रडण्यासारखंच एक विचित्र हसू, आणि हसता हसता मूठ जरा नीट दाबली गेली.

अकराव्या मजल्याच्या पत्र्याखाली पोळं होतं. चार-पाच गांधीलमाश्या भोवती घोंगावत होत्या. ताई जागच्या जागी गोठली. एक माशी तिच्या बाहीवर बसली, चालत मनगटापर्यंत आली, थांबली. खाली भावाच्या श्वासाची शिट्टी आता तिला वॉकीटॉकीशिवाय ऐकू येत होती, आणि दोन शिट्ट्यांमधलं अंतर वाढत होतं. माशीला हाकलायला एक हात लागला असता. ताईने मूठ दाबली आणि माशीसकट खाली गेली.

भावाचा चेहरा तिला ओळखता येईना. ओठ सुजून बाहेर आले होते, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. तिने पट्ट्याने त्याला स्वतःशी अडकवलं. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा ती दोनदा बघून थांबली.

डाव्या हातात त्याची मूठ, उजव्या हातात स्वतःची. दोन्ही एकदम दाबायच्या. जोरात दाबल्या तर त्याच्या सोबतीच्या दोराची पकड झटका समजून आवळणार आणि दोघं मध्येच अडकून पडणार, म्हणजे घाई करायची सोय नाही. जीव जातोय आणि हळू जायचंय. दहावा. नववा. ताई वर ओरडली, "बघता ना?" वरून लगेच आलं, "बघतोय!" आठवा. सातवा. भावाचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं होतं, आणि कानापाशी ती शिट्टी यायची, थांबायची, ताईचाही श्वास थांबायचा, परत यायची. "माकडा, झोपू नकोस. संध्याकाळी विचारायचंय ना मला? आज खूप आहे सांगायला." पाचव्या मजल्यापाशी शिट्टी आलीच नाही. ताईने त्याच्या पाठीत कोपर हाणलं. एक घरघर आली. चौथा, तिसरा. "बघता?" "बघतोय, बाई!"

जमिनीला पाय लागले तेव्हा ते तिचे राहिलेच नव्हते. ती बसली ती बसलीच. रुग्णवाहिकेच्या माणसांनी भावाला काढून घेतलं, मांडीत सुई टोचली, नाकावर नळी लावली. कोणीतरी म्हणालं, आणखी पाच मिनिटं गेली असती तर. पुढचं ताईने ऐकलं नाही. ती वर बघत होती. कठड्यावरून कोणी डोकावत नव्हतं. लिफ्टवाला अजून गाठीकडेच बघत होता; त्याला झालं म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊ चौथ्या दिवशी घरी आला. पाचव्या दिवशी ताईने कपड्यांच्या तळातून तो कागद काढला आणि त्यांना कामं देणाऱ्या मुकादमापुढे ठेवून निळ्या-लाल हेल्मेटांचं सगळं सांगून टाकलं. मुकादम लालबुंद झाला. तोंडाला येईल ते बोलला, दोघांनाही महिनाभर घरी बसवलं, आणि शेवटी म्हणाला, "परीक्षा परत द्या. या वेळी मी स्वतः खाली उभा राहणार, आणि हेल्मेटाखालचं तोंड बघणार."

डॉक्टरांनी भावाला इतक्यात दोरावर चढायला मनाई केली होती. तेव्हा परीक्षेच्या दिवशी दोर बांधला ताईने आणि वर राहिला भाऊ. त्याला याचीही गंमतच वाटत होती. "आज मी तीनदा," असं म्हणत तो जिना चढला होता.

ताई कठड्यावर पाठमोरी उभी राहिली. एकदा उतरलं म्हणून भीती काही कुठे गेली नव्हती. "बघतोस?" तिने विचारलं.

भाऊ अजून खांबाकडेच बघत होता.

"ए माकडा, बघतोस का?"

"थांब जरा." त्याने खांब बघितला, गाठ बघितली, कडी बघितली. परत खांब बघितला. मग गुडघ्यावर बसून गाठीवरून बोट फिरवलं, उठला, तिच्याकडे बघितलं, पुन्हा खाली बसला. चौदा मजले शिट्टी वाजवत जाणाऱ्या या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. खालून मुकादम ओरडला, काय चाललंय म्हणून.

"ताई," तो म्हणाला, "रोज असं व्हायचं तुला?"

"रोज."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"मग एकदा तरी बोलायचंस की गं."

"बोलत होते की," ताई म्हणाली. "रोज सकाळी म्हणत होते ना, बघतेय म्हणून."

भावाने चौथ्यांदा गाठ बघितली. मग दोन्ही हातांनी खांब धरला आणि म्हणाला, "बघतोय."

आणि ताई मागे न बघता गेली.